बाबांचा तोच प्रश्न

(१९९४ सालच्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं मनोगत)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘धावपळीच्या जीवनात मनःशांती’. मी फोनवर म्हटलं, अरे, मी संगणक अभियंता आहे, प्रवचनकार नाही. तर उत्तर आलं, ‘तू इगतपुरीला दहा दिवस न बोलता राहिलीस, हे ऐकूनच आम्ही तुला बोलावतोय. नववी ‘ब’मधली तू आणि गप्प?’ बाईंनी मला बडबडीसाठी किती वेळा वर्गाबाहेर उभं केलं हे त्यांना आठवत असेल. तेव्हा आज पंधरा मिनिटं बाईंच्या परवानगीनंच बोलते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझे बाबा पाहिले आहेत. एसटीत कंडक्टर होते. तिकिटाच्या पेटीवर पंच टिकटिकवत गाडीत फिरायचे. कितीही गर्दी असली तरी कुणाचे सुट्टे पैसे द्यायचे राहिले आहेत, ते त्यांच्या लक्षात असायचं. अशा माणसाला २०१४च्या पावसाळ्यात आई गेल्यानंतर हळूहळू विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग औषधं, मग घराचा पत्ता. २०१५मध्ये मी त्यांना नाशिकरोडहून पुण्याला माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं.

तेव्हा माझी नोकरी अशी होती की रात्री कुठलीही यंत्रणा बंद पडली तर पहिला फोन मला यायचा. उशाला फोन घेऊन झोपायचं आणि तो वाजायच्या आधीच दचकून उठायचं, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. त्यात बाबांचा संध्याकाळपासून एकच प्रश्न सुरू व्हायचा, ‘तुझी आई कुठं गेलीय गं?’

२०१६च्या एका रात्री अशीच एक यंत्रणा बंद पडली होती. बारा माणसं फोनवर, मी खोलीचं दार लावून बसलेली. बाबा दार ढकलून आत आले. ‘तुझी आई कुठंय?’ मी म्हटलं, येईल. पाच मिनिटांनी पुन्हा आले. मग पुन्हा. सातव्या वेळी मी खुर्चीतून उठून ओरडले, ‘बाबा, आई मेली! दोन वर्षं झाली! किती वेळा सांगू?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते दारातच खाली बसले. आई गेल्याचं ते त्या क्षणी पहिल्यांदा ऐकत होते. हॉस्पिटलात रडले नव्हते, तेवढे त्या रात्री रडले. सकाळी त्यांना रात्रीचं काही आठवत नव्हतं, पण दिवसभर ते उदास होते आणि कशामुळे ते त्यांनाच कळत नव्हतं. मला मात्र कळत होतं. यंत्रणा पहाटे सुरू झाली. ऑफिसातून कौतुकाचा मेल आला. तो मला आजपर्यंत पुन्हा उघडून वाचता आलेला नाही.

मनःशांतीकडे मी गेले ती अशी. अध्यात्माची ओढ वगैरे काही नव्हती. स्वतःची भीती वाटली म्हणून गेले.

आपण सगळे पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचो तेव्हा इगतपुरी म्हणजे वडापाव एवढंच आपल्याला माहीत होतं. त्याच गावात १९७६पासून धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र आहे. ते उभं करणारे सत्यनारायण गोएंका यांची गोष्ट मला तिथंच समजली. ते ब्रह्मदेशातले व्यापारी. अर्धशिशीनं इतके बेजार की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. १९५५मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे काही संन्यासी नव्हते. ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल, म्हणजे सरकारी हिशेब बघणारा संसारी माणूस. त्यांनी सांगितलं, नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. मन शुद्ध करायला या, डोकेदुखी गेली तर जाईल. १९६९मध्ये गोएंका भारतात आले आणि इथं शिबिरं सुरू झाली.

२०१६च्या डिसेंबरात मी गेले. धाकटा भाऊ रजा टाकून दहा दिवस बाबांजवळ राहिला, नवऱ्यानं घर सांभाळलं. हे मुद्दाम सांगते, कारण बाई ध्यानाला बसते तेव्हा तिच्या वाट्याचं काम कुणीतरी करत असतं.

तिथली दिनचर्या थोडक्यात सांगते. पहाटे चारला घंटा. साडेचारपासून रात्री नऊपर्यंत जवळजवळ दहा तास बसणं. सकाळी अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि फळं, त्यानंतर काही नाही. फोन जमा. बोलायचं नाही, खुणाही नाहीत. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. तो मोजायचा नाही, लांबवायचा नाही, कुठलं नाव घ्यायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. मी चार श्वासही सलग पाहू शकत नव्हते. पाचव्या श्वासाला मी ऑफिसात असायचे, नाहीतर त्या रात्रीच्या दारात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बॅग भरली होती. तेवढ्यात घंटा झाली, आणि घंटा झाली की वर्गात जायचं ही आपल्या शाळेची सवय कामाला आली.

चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना पाहत जायच्या. दुखणं, खाज, मुंग्या, उष्णता. चांगली आली म्हणून धरायची नाही, वाईट आली म्हणून हाकलायची नाही. दिवसातून तीन वेळा एक-एक तास हात, पाय, डोळे न हलवता बसायचं. सहाव्या दिवशी माझा गुडघा पेटल्यासारखा दुखत होता, आणि त्या दुखण्यात मला एक गोष्ट दिसली. दुखतं ते एक, आणि ‘हे आत्ताच्या आत्ता थांबलं पाहिजे’ असं मन किंचाळतं ते वेगळं. दुखणं कमी-जास्त होत होतं, किंचाळणं मात्र सारखं चालू होतं. त्या रात्री हेच झालं होतं. बाबांचा प्रश्न साधा होता. छाती गरम झाली, जबडा आवळला, आणि ते थांबावं म्हणून मी ओरडले. बाबांना गप्प करणं हा माझा हेतूच नव्हता. मला माझ्या अंगातली आग विझवायची होती.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. मी तरंगतच घरी आले. घरच्यांना वाटलं, बाई बदलली. तीन आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखी झाले. सकाळ-संध्याकाळ तासभर बसायला सांगतात. मी आठवडाभर बसले, मग संध्याकाळचं सुटलं, मग सकाळचंही. बाबांवर पुन्हा ओरडले नाही, पण त्यांच्या प्रश्नापासून पळायला लागले. प्रश्न येणार असं दिसलं की मी स्वयंपाकघरात जायचे.

खरी शिकवण पुढे मिळाली, २०१८मध्ये. एक शिबिर पूर्ण केलेल्यांना पुढच्या शिबिरात सेवा देता येते. तिथं राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर ते चालतं, आणि अशाच लोकांच्या बिनपगारी सेवेवर. मी महिलांच्या भोजनगृहात सेवेला गेले. काम काय, तर ताटं मांडणं, वाढणं, पातेली घासणं, फरशी पुसणं, आणि दिवसातून तीन वेळा सगळ्यांबरोबर तासभर ध्यानाला बसणं.

पहिल्याच दिवशी मी भांड्यांची व्यवस्था सुधारायला घेतली. कुठलं पातेलं कुठं, कोण केव्हा काय करणार, याचा तक्ता केला. अठरा वर्षांचा नोकरीचा अनुभव पणाला लावला म्हणा ना! माझ्याबरोबर एका खेड्यातून आलेल्या आजी होत्या. त्यांनी तक्ता पाहिला, ‘छान काढलाय हं पोरी’ म्हणाल्या, आणि हाताला येईल ते पातेलं घासायला लागल्या. माझा जबडा आवळला. तीच आग. फरक एवढाच की या वेळी ती मला दिसली. मी काही बोलले नाही, त्यांच्या शेजारी बसून घासायला लागले. आमची भांडी रोज वेळेत व्हायची. तक्त्याकडे नंतर कुणी पाहिलं नाही, मीही नाही.

पाचव्या दिवशी एका तरुण साधिकेच्या हातून ताट पडलं. वरण-भात सगळीकडे. ती उभ्या उभ्या रडायला लागली. ताटासाठी ती रडत नव्हती, एवढं तिथं बसून गेलेल्या कुणालाही कळेल. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, समजावावंसं वाटलं. पण तिचं मौन होतं. मी फरशी पुसली, नवं ताट वाढून तिच्या जागेवर ठेवलं आणि बाजूला झाले. तिनं वर पाहिलंही नाही. मी कोण ते तिला माहीत नाही, आणि त्याची मला गरजही वाटली नाही. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं बदल्यात काहीही न मागता केलेलं ते पहिलं काम.

मी घरी आले त्याच संध्याकाळी बाबांनी विचारलं, ‘तुझी आई कुठंय?’ आता माझी अडचण बघा. ‘गेली’ म्हणावं तर त्यांना पुन्हा तोच घाव. ‘येईल’ म्हणावं तर खोटं, आणि खोटं बोलणार नाही असं तिथं शील घेतलेलं. मी थांबले. छाती गरम होतेय हे पाहिलं, दोन श्वास गेले. मग तोंडून आलं, ‘बाबा, आईची आठवण येतेय ना? मलाही येते. तिच्याविषयी काहीतरी सांगा ना.’

बाबा बसले. लग्नानंतर पहिल्यांदा त्र्यंबकेश्वरला जाताना आई एसटीत छत्री विसरली आणि यांनी ती दुसऱ्या दिवशी डेपोतून शोधून आणली, ती गोष्ट त्यांनी सांगितली. छत्री कधी काळी असायची, कधी फुलांची. पुढची साडेतीन वर्षं ती गोष्ट मी किती वेळा ऐकली याचा हिशेब नाही. २०२२मध्ये बाबा गेले. शेवटी माझं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण छत्री आठवत होती.

आता थोडं सावधपणे सांगते. ध्यान म्हणजे औषध नव्हे. बाबांचा आजार त्यानं थांबला नाही. ज्यांचे मनाच्या आजारावर उपचार चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा शिबिराला जाऊ नये, गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. मलाही सदासर्वकाळ शांत वगैरे राहता येत नाही, हवं तर माझ्या मुलाला विचारा! मी रोज सकाळी चाळीस मिनिटं बसते. त्यानं एवढंच होतं की राग येताना दिसतो, आणि दिसला की क्षणभर सवड मिळते. त्या सवडीत काय करायचं, ते मला सेवेनं शिकवलं. नुसती बसले असते तर माझी शांतता सांभाळत बसले असते. नुसती राबले असते तर लोकांनी माझं ऐकावं म्हणून राबले असते.

आणि हे सगळं मला आपल्या शाळेत आधीच दिसलं होतं. नववीत मला भूमितीत ‘बाकोबा’ कसोटी कळली, पण ‘बाबाको’ का चालत नाही ते कळेना. आपल्या गणिताच्या सरांनी फळ्यावर कंपासनं आकृती काढून दाखवली. पुन्हा विचारलं, पुन्हा काढली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वर्ग हसला. सरांनी फळा पुसला आणि पहिल्यांदा सांगत होते त्याच आवाजात तिसऱ्यांदा सांगितलं. सर, तुम्ही आज समोर बसला आहात. तो आवाज मला बाबांसाठी हवा होता. शोधायला वीसहून अधिक वर्षं आणि इगतपुरीपर्यंतचा प्रवास लागला.

मित्रांनो, आपण सगळे आता पंचेचाळिशी ओलांडलेले. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी म्हातारं माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतंय. काहींचे आईवडील इथं एकटे आहेत आणि मुलं परदेशात. काही शिक्षकही एकटे राहतात. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सुविचार येतात, त्याबरोबर एक यादी करू या. इथं राहणाऱ्यांनी महिन्यातला एक रविवार द्यायचा, एका घरी जायचं, तासभर बसायचं, त्यांची गोष्ट ऐकायची. ती आधी ऐकलेली असली तरी. बाहेरगावच्यांनी ठरलेल्या दिवशी फोन करायचा. पहिलं नाव मी लिहिते. मी पुण्याहून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येईन. यादीची वही दाराशी टेबलावर ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी तिथं थांबा.

बाई, पंधरा मिनिटं झाली. आता गप्प बसते.