पट्टा लावला का?



पुण्यातला कुठलाही सिग्नल, सकाळचे साडेनऊ. स्कूटरवरच्या मुलीने उन्हासाठी सनकोट घातलाय, धुळीसाठी स्कार्फ गुंडाळलाय, कोपरापर्यंत हातमोजे चढवलेत. डोक्यावर हेल्मेट मात्र नाही. शेजारच्या गृहस्थांचं हेल्मेट आरशाला टांगलेलं. पलीकडच्या तरुणाने ते घातलंय, पण हनुवटीखाली पट्टा मोकळाच लोंबतोय. गाडी घसरली, तर तिघांचीही डोकी सारखीच उघडी.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण होते, आणि त्यांतले १४,३३७ जण नुसते मागे बसलेले होते.

गावातल्या गावात, हळूच तर जायचंय, असं अनेकजण म्हणतात. पण स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. तेवढ्या उंचीवरून पडलेली वस्तू ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. म्हणजे उभ्या गाडीवरून पडलं, तरी डोकं जवळपास याच वेगाने आपटू शकतं.

हेल्मेटच्या सक्तीमागे एक मृत्यू आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगाला ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकला गेला. डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे केर्न्स यांनी लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. तिथल्या सामान्य नागरिकांसाठी मात्र ती सक्ती यायला १९७३ साल उजाडलं.

हेल्मेटचं खरं काम आतला थर करतो. बाहेर कठीण कवच, आत थर्माकोलच्याच जातीचा, पण दाट फोम. डोकं आपटलं की हा फोम चेपतो आणि धक्क्याचा जोर स्वतःवर घेतो. एकदा चेपलेला फोम पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, म्हणून जोरात आदळलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायलाच हवं. आणि पट्टा लावलेला नसेल, तर डोकं जमिनीला टेकण्याआधीच हेल्मेट निसटून जाऊ शकतं.

विकत घेताना आयएसआयची खूण आणि 'आयएस ४१५१' हा क्रमांक पाहून घ्यावा. १ जून २०२१ पासून या खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे. हेल्मेटसक्तीचा कायदा मागे बसणाऱ्यालाही लागू आहे आणि चार वर्षांवरच्या मुलालाही.

उद्या सकाळी शाळेला निघताना लेकराचं दप्तर पाठीला लावाल, तेव्हा त्याच्या मापाचं हेल्मेटही घाला. पट्टा खटकन लागल्याचा आवाज ऐका, आपलाही लावा आणि मगच गाडी सुरू करा.