सहा नावांचे ऋण



आपल्या संभाजीनगरात १९७७ पासून राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था कार्यरत आहे. दहावी उत्तीर्ण झालेली महाराष्ट्रातील निवडक मुले येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची तयारी करतात. नाशिकच्या भोसला सैनिकी विद्यालयातून येथे आलेले निनाद मांडवगणे पुढे वायुदलात हेलिकॉप्टरचे वैमानिक झाले, स्क्वाड्रन लीडर झाले आणि २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे कर्तव्य बजावताना वीरगतीस प्राप्त झाले. महाराष्ट्राने त्यांचे नाव अभिमानाने घेतले. परंतु त्या हेलिकॉप्टरमध्ये वायुदलाचे सहाजण होते. उरलेल्या पाचांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

लढाऊ विमानात वैमानिक एकटा असतो, फार तर दोघे. एमआय-१७ सारख्या हेलिकॉप्टरमध्ये वैमानिक, सहवैमानिक, यंत्रांवर लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर आणि मागे दाराशी असणारा गनर यांचे एक कुटुंबच असते. उतरताना पंख्याच्या वाऱ्याने धूळ किंवा बर्फ उसळतो. शेपटीकडचे वैमानिकाला दिसत नाही. मागचा सहकारी ‘जागा मोकळी आहे’ असे सांगतो आणि त्या शब्दावर अधिकारी सर्वांचे प्राण सोपवतो. सांगणाऱ्याचा हुद्दा तेव्हा कोणी पाहत नाही. आणि संकट ओढवलेच, तर आसनासह बाहेर फेकले जाण्याची सोय या हेलिकॉप्टरमध्ये नसते. जे व्हायचे ते सर्वांचे एकत्रच.

डिसेंबर १९७१ मध्ये आशुगंजजवळचा मेघना नदीवरील पूल पाकिस्तानी सैन्याने उडवून दिला. लेफ्टनंट जनरल सगत सिंग थांबले नाहीत. ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या देखरेखीखाली एमआय-४ हेलिकॉप्टरांनी ९ डिसेंबरपासून दिवसरात्र फेऱ्या करून सैनिकांना पैलतीरी उतरविले आणि ढाक्याचा मार्ग खुला झाला. त्याच दिवसांत टेहळणीवर असताना सगत सिंग यांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन वैमानिक जखमी झाला. सहवैमानिकाने तत्क्षणी सूत्रे हाती घेतली आणि सर्वांना परत आणले.

कारगिलमध्ये दैव इतके अनुकूल नव्हते. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर रॉकेटहल्ला करणाऱ्या एमआय-१७ चा वेध शत्रूच्या क्षेपणास्त्राने घेतला. क्षेपणास्त्राला हुलकावणी देणारी फ्लेअर यंत्रणा त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट राज किशोर साहू, म्हणजे दोन अधिकारी आणि दोन सार्जंट, एकाच क्षणी देशाच्या कामी आले.

बडगामचे सत्य याहून कठोर आहे. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी सीमेवर हवाई चकमक चालू असताना श्रीनगरच्या आपल्याच तळावरून सुटलेल्या क्षेपणास्त्राने ते हेलिकॉप्टर पडले. जमिनीवरील एका नागरिकाचाही बळी गेला. ही मोठी चूक होती, असे वायुदलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीरपणे मान्य केले. हे उच्चारताना जीभ अडखळते, तरीही उच्चारले पाहिजे. त्या सहा जणांनी युद्धाच्या सकाळी आज्ञा मिळताच उड्डाण केले. त्यांची कर्तव्यनिष्ठा तेवढ्यानेच सिद्ध झाली, क्षेपणास्त्र कोणाचे होते याने तीत तसूभरही उणेपणा येत नाही. उलट चूक झाकली, तर उद्याचा चमू त्याच संकटात लोटला जाईल.

त्याच सकाळी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पडत्या मिग-२१ मधून आसनासह बाहेर पडले. १ मार्चला ते मायदेशी परतले, तेव्हा देशाने जल्लोष केला आणि तो उचितच होता. मात्र त्या जल्लोषात सहा घरांचा शोक झाकला गेला.

ती सहा नावे अशी : चंडीगडचे सिद्धार्थ वशिष्ठ, नाशिकचे निनाद मांडवगणे, वाराणसीचे विशालकुमार पांडे, झज्जरचे विक्रांत सेहरावत, कानपूरचे दीपक पांडे आणि मथुरेचे पंकज कुमार. प्रांत निराळे, बोली निराळ्या, हुद्दे निराळे, पण मृत्यूने त्यांच्यात भेद केला नाही. मग स्मरणात तो आपण का करावा? घराघरांत मुलांना निनाद मांडवगणे यांची कथा सांगाल, तेव्हा ही सहाही नावे त्यांच्याकडून पाठ करून घ्या, एवढीच प्रार्थना.