अर्थनियोजनाचा धडा आणि घरातला हिशेब

(माध्यमिक शाळेच्या पालक-शिक्षक मेळाव्यातील व्याख्यान)



१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि वाड्यांवर चाल केली. पुढील काही आठवड्यांत पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत याची पुनरावृत्ती झाली. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावाचे एक वैशिष्ट्य फारसे सांगितले जात नाही. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे मागून घ्यायचे आणि चौकात जाळायचे, एवढेच बहुतेक ठिकाणी घडले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव आणि वाढवलेला शेतसारा ही कारणे होतीच. परंतु ज्या कागदाखाली आपल्या नावाची नांगराची निशाणी उमटली आहे, त्या कागदात मुद्दल किती, व्याज किती आणि फेडलेल्यापैकी जमा किती धरले, हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते, ही गोष्ट त्या सर्वांच्या मुळाशी होती.

आज महाराष्ट्रातील दहावीच्या विद्यार्थ्याला वाचता येते. किंबहुना अर्थव्यवहार शाळेत शिकवत नाहीत, ही सरसकट तक्रार आता खरी राहिलेली नाही. बालभारतीच्या नववीच्या बीजगणितात २०१७ पासून आणि दहावीच्या पुस्तकात २०१८ पासून ‘अर्थनियोजन’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. नववीत बचत, गुंतवणूक व आयकर. दहावीत वस्तू व सेवा कर, शेअर, म्युच्युअल फंड, दलाली. पुस्तक करणाऱ्यांनी आपले काम केले आहे. प्रश्न पुढचा आहे. हे प्रकरण चार गुणांच्या दोन उदाहरणांपुरते उरकले जाते आणि ज्या मुलाने करबीजकाचे उदाहरण अचूक सोडवले, त्याच मुलाच्या हातात किराणा दुकानाचे खरे बिल दिले तर त्यावरील केंद्राचा कर कोणता आणि राज्याचा कोणता, हे शोधताना तो गोंधळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी रद्द झाले. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे एकाच वस्तूचे बिल वर्गात शेजारी शेजारी ठेवण्याची ती केवढी नामी संधी होती! अजूनही गेलेली नाही. घरोघरी जुनी बिले पडलेली असतात.

पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेविषयी छडीच्या पलीकडे आता कोणाला काही आठवत नाही. पण त्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत, आणि त्यामागे बाजार होता. सोळा आण्यांचा रुपया, मण-शेराची वजने आणि तोंडी भाव करणारा दुकानदार यांच्यासमोर उभे राहण्याची ती तयारी होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ वजनेही बदलली, आणि औटकीची गरज संपली, हे योग्यच झाले. मात्र पाढा आणि बाजार यांचे नातेही त्याबरोबर सुटले.

अनेक शाळांत अलीकडे बालआनंद मेळावा भरतो. मुले भेळ, सरबत, भाजीपाला विकतात, छायाचित्रे निघतात. उपक्रम उत्तम आहे, फक्त तो जेथे सुरू व्हायला हवा, तेथेच संपतो. उदाहरणादाखल एक गाडा घेऊ. पन्नास द्रोण भेळ केली. दहा रुपये दराने चाळीस द्रोण विकले, सहा मित्रांनी फुकट खाल्ले, चार उरले. गल्ल्यात चारशे रुपये. घरी जाऊन मुलगा सांगतो, “आई, मी चारशे रुपये कमावले!” आणि सारे घर कौतुक करते. चुरमुरे, फरसाण, कांदा, चिंच, गूळ आणि द्रोण मिळून आईचे तीनशे चाळीस गेलेले असतात. गॅस वेगळा. तिची सकाळ तर कोणत्याच वहीत येत नाही. म्हणजे कमाई फार तर साठ रुपये. आणि फुकट दिलेल्या सहा द्रोणांचे साठ धरले, तर मैत्रीची किंमत नफ्याइतकीच झाली. मित्रांना देऊ नये, असे मुळीच नाही. दिले ते किती, एवढे मुलाला ठाऊक असावे. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दोन तासिका या जमाखर्चाला दिल्या, तर वर्षभराच्या तोंडी उपदेशापेक्षा त्या अधिक पदरात टाकतील.

मध्यमवर्गीय घरात मुलांसमोर पैशाविषयी बोलणे अशिष्ट मानले जाते. “तुला काय करायचंय त्याच्याशी? तू अभ्यास कर,” हे वाक्य प्रेमापोटीच उच्चारले जाते. त्यातच पैसा आता दिसेनासा झाला आहे. २०१६ पासून यूपीआय आले. नोट मोजून देणारी आई आणि सुटे परत घेणारा मुलगा हे दृश्य विरळ झाले. मुलाला दिसतो तो फक्त फोन आणि त्याचा आवाज. अशा घरात महिन्याचे वीजबिल आठवीतल्या मुलाकडे सोपवावे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार हे रकाने त्याने समजून घ्यावेत. पहिल्या शंभर युनिटांना एक दर आणि पुढच्या दोनशेंना त्याहून बराच चढा दर आहे, हे त्याने स्वतः मांडून पाहिले, की पंखा बंद करण्यासाठी ओरडावे लागत नाही. यूपीआयबाबतची एक गोष्ट मात्र त्याला पाचवीतच कळायला हवी: पैसे घेण्यासाठी गुप्त पिन कधीच द्यावा लागत नाही, पिन दाबला म्हणजे पैसे गेले. फसवणूक झालीच, तर १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा.

हे सारे सुस्थितीतील घरांचे झाले. शिक्षकांनी याबाबत एक भान ठेवणे अगत्याचे आहे. ‘तुम्हाला खाऊचे पैसे किती मिळतात?’ असा प्रश्न भर वर्गात विचारू नये. त्याच वर्गात बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबाचा मुलगा असू शकतो, आणि पैशाची त्याची जाण इतरांहून पुढे असते. कोयत्यामागे उचल किती घेतली, टनामागे दर किती, मुकादमाने किती वळते केले, हंगाम संपताना अंगावर किती राहिले, हे शब्द त्याने कोपीत ऐकलेले असतात. तो हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, बापाच्या नाही. सातवीच्या गणितात उचल आणि टनेज यांचे एक उदाहरण आले, आणि त्या मुलाने आपल्या घरासाठी दुसरी वही सुरू केली, तर सुप्याच्या त्या होळीचे खरे उत्तर तेथे मिळाले, असे म्हणता येईल.

कर्जाकडे वळू. दुचाकीच्या दुकानात सांगतात, “फक्त बारा टक्के फ्लॅट.” एक लाख रुपये, तीन वर्षे. व्याज छत्तीस हजार, हप्ता सुमारे ३,७७८ रुपये. सरळव्याजाचे सूत्र शिकलेल्या मुलाला हे बरोबरच वाटते. परंतु मुद्दल दरमहा कमी होत जाते आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावरच आकारलेले असते. घटत्या मुद्दलावर मांडले, तर हाच दर २१ टक्क्यांच्या वर जातो. क्रेडिट कार्डावर दरमहा तीन टक्के व्याज लागले आणि थकबाकी तशीच राहिली, तर वर्षाला ते छत्तीस टक्के होत नाही, साडेबेचाळीसच्या वर जाते. चक्रवाढीचे सूत्र पुस्तकात आहेच. ते ठेवीबरोबर कर्जालाही लावून दाखवायला हवे.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्थांनी कर्जदाराला ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक आहे. सर्व शुल्के मिळून वार्षिक दर प्रत्यक्षात किती पडतो, हे त्यात लिहावे लागते, आणि तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. सात दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जात विचार करण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवसही मिळतात. १८७५ च्या शेतकऱ्याला असा कागद कोणी दिला नव्हता. आज तो मिळतो आणि न वाचता ‘सहमत’वर बोट ठेवले जाते. नांगराची निशाणी आणि हे बोट यांत अंतर किती, याचा ज्याने त्याने विचार करावा.

दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावाने बचत खाते उघडून ते चालवता येते. बँका त्यासाठी आपापल्या मर्यादा घालतात आणि खाते उणे शिलकीत जाऊ देत नाहीत. टपाल कार्यालयातही ही सोय आहे. खाते उघडायला मुलाने स्वतः रांगेत उभे राहावे, अर्ज स्वतः भरावा. अर्ज चुकला, तर दुसरा घ्यावा.

राहता राहिली शाळेची बाजू. नवा विषय नको, नवे पुस्तक नको. शिक्षकांवर आधीच पुरेसे ओझे आहे. वार्षिक स्नेहसंमेलनाचा जमाखर्च यंदा नववीच्या विद्यार्थ्यांकडे द्यावा. मंडप, ध्वनिक्षेपक, वेशभूषेचे भाडे, अल्पोपाहार, प्रत्येकाची पावती त्यांनीच घ्यावी, चिकटवावी आणि हिशेब सूचना फलकावर लावावा. अंदाजापेक्षा खर्च वाढला असेल, तर तो आकडाही तसाच लावावा. त्याखाली सही मात्र मुलांची असावी.