शब्द कळला की प्रश्न विचारता येतो

मी उमरग्याहून बोलतेय. बचत गटांच्या कामानिमित्त तुमच्यापैकी बऱ्याच जणींची गाठ पडतेच. आज मी हिशेबाच्या वहीबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय सोलरच्या भाषेबद्दल.

सध्या गावोगाव सोलर आलंय. कुणाच्या शेतात सौर पंप बसलाय, कुणाच्या स्लॅबवर पॅनल चढलेत. गटाच्या बैठकीत त्यासाठी कर्जाचे अर्ज येतात. पण कोटेशनचा कागद हातात आला की आपण म्हणतो, "हे इंग्रजीत आहे बाई, मालकांना दाखवा." कर्ज आपल्या नावावर, सही आपली, हप्ता भरायची काळजी आपली. कागदावरचे शब्द मात्र दुसऱ्यानं वाचायचे. म्हणून आज आपण मोजके शब्द शिकू. सगळी इंग्रजी शिकायची गरज नाही. वीसेक शब्द पुरेत.

आणि खरं सांगू? निम्मे शब्द तुम्हाला येतातच. "डीपी जळाली", "एक फेज गेला", "स्टार्टर ट्रिप होतोय", "व्होल्टेज कमी आहे" हे आपण रोज बोलतो. हे कुठल्या शाळेत शिकलो? ज्याच्यामुळं रात्री पिकाचं पाणी अडलं, त्याचं नाव तोंडपाठ झालं.

आपल्या भागातल्या बायकांनी याआधीही एक परकी भाषा शिकली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं. घरं पडली, तडकली. पुढं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा सरकारी कार्यक्रम आला. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावोगावची महिला मंडळं उतरली. गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून लोक आणि इंजिनिअर यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. प्लिंथ, लिंटेल, क्युरिंग हे शब्द बायकांच्या तोंडी बसले. शब्द कळला म्हणून गवंड्याला विचारता आलं, "लिंटेलला पट्टी का नाही घातली?" पुढं याच संस्थेबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी सौर दिवे आणि कमी धुराच्या चुली गावात विकल्या. 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संस्थेला मिळाला. आपल्याला नवं काही करायचं नाही, केलेलंच पुन्हा करायचंय.

चला, शब्दांकडं येऊ. प्रत्येक शब्दासोबत एक प्रश्न लक्षात ठेवा.

पहिली जोडी, वॅट आणि युनिट. वॅट हे एका माणसाचं आडनाव आहे. जेम्स वॅट हा स्कॉटलंडचा इंजिनिअर. व्होल्ट हा शब्द इटलीच्या व्होल्टा यांच्या नावावरून आला, अँपिअर फ्रान्सच्या अँपिअर यांच्या नावावरून. म्हणजे हे शब्द इंग्रजांचेसुद्धा नाहीत, मग आपण कशाला बिचकायचं? वॅट म्हणजे वस्तूची ताकद. एक हजार वॅट म्हणजे एक किलोवॅट. आणि हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होतं. हजार वॅटची इस्त्री तासभर फिरवली, एक युनिट. 75 वॅटचा पंखा तेरा तासांवर चालतो, तेव्हा एक युनिट. बिल युनिटचं येतं आणि सोलर किलोवॅटमध्ये विकतात, तिथंच आपला गोंधळ होतो. छतावर एक किलोवॅटचे पॅनल बसवले तर सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. प्रश्न असा विचारायचा: "माझं बिल महिन्याला इतक्या युनिटचं आहे, मग मला किती किलोवॅट लागतील?" साठ युनिट वापरणाऱ्या घराला कुणी तीन किलोवॅट सुचवत असेल, तर का, ते आधी विचारा.

दुसरी जोडी, डीसी आणि एसी. पॅनलमधून निघते ती डीसी वीज, एकाच दिशेनं वाहणारी. घरातली उपकरणं चालतात ती एसीवर. डीसीची एसी करून देणारी पेटी म्हणजे इन्व्हर्टर. आता हे नीट ऐका. पॅनलच्या पाठीमागं स्टिकर असतो, त्यावर 'व्हीओसी' अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. त्याचा अर्थ ओपन सर्किट व्होल्टेज. काहीही जोडलेलं नसताना, नुसत्या उन्हात त्या पॅनलला किती व्होल्ट येतात तो आकडा. याचा सरळ अर्थ असा की बटण बंद केलं तरी उन्हातला पॅनल 'बंद' होत नाही. सौर पंपाचे पॅनल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यात शेकडो व्होल्ट असू शकतात. पॅनल धुवायचं काम घरात बहुतेक आपल्याकडंच येतं. ते पहाटे किंवा संध्याकाळी, काच थंड असताना करायचं. वायर सोललेली दिसली, जोड सैल दिसला, तर हात लावायचा नाही, मेकॅनिकला बोलवायचं. इथं शब्द कळणं म्हणजे जीव वाचणं आहे. प्रश्न: "अर्थिंग केलंय का, आणि बंद करायचा डीसी स्विच कुठं आहे?"

तिसरा शब्द सिरीज. दिवाळीतली जुनी माळ आठवा. एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची. एकामागोमाग जोडणं म्हणजे सिरीज, आणि पॅनलच्या अशा माळेला स्ट्रिंग म्हणतात. एका पॅनलवर सावली पडली तरी सगळ्या माळेची वीज घटते. म्हणून बायांनो, पॅनलवर कुरडया-पापड वाळत घालायचे नाहीत! पाण्याच्या टाकीची, शेजारच्या लिंबाची सावलीही बघायची. प्रश्न: "सकाळी नऊ ते दुपारी चार इथं सावली कुठं पडते?" हे त्या माणसापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत असतं. तुम्हीच त्याला सांगा.

चौथा शब्द ऑनग्रिड. आमच्या गटातल्या एका ताईंनी घरावर सोलर बसवलं. पहिल्यांदा लाईट गेली, भर दुपारी, डोक्यावर लख्ख ऊन, आणि घरात अंधार. त्यांना वाटलं, फसवलं. मशीन बिघडलेलं नव्हतं. ते ऑनग्रिड होतं, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं. अशा जोडणीत लाईनची वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तसं नसतं तर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या पॅनलचा झटका बसला असता. बॅटरीवर चालणारं ते ऑफग्रिड, आणि दोन्ही असलेलं हायब्रिड. ते महाग पडतं. विकणाऱ्यानं हे एका वाक्यात सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं नाही आणि ताईंना शब्द माहीत नव्हता, म्हणून त्यांना विचारता आलं नाही. प्रश्न: "लाईट गेल्यावर माझ्या घरात काय चालेल?"

ऑनग्रिडसोबत येतं नेट मीटर. त्यावर दोन आकडे दिसतात. इम्पोर्ट म्हणजे आपण लाईनवरून घेतलेली वीज, एक्स्पोर्ट म्हणजे आपण लाईनला दिलेली. उसनं घेतलेलं आणि परत केलेलं, आपल्या गटाच्या वहीसारखंच. महिन्याला दोन्ही आकडे वहीत उतरवून ठेवा.

पाचवा शब्द शेतातला, हेड. हेड म्हणजे डोकं, पण पंपाच्या पाटीवर हेड म्हणजे पाणी किती उंच उचलायचं ते, मीटरमध्ये. बोअरमध्ये पाणी जिथं लागतं तिथपासून ते जिथं सोडायचं तिथपर्यंतची उंची, वर पाइपातल्या घर्षणाची थोडी भर. दोनशे फूट म्हणजे साधारण एकसष्ट मीटर. तुमचं पाणी दोनशे फुटांवर आणि पंप तीस मीटर हेडचा, तर कितीही ऊन असलं तरी पाणी वर येणार नाही. 2024 च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत जमिनीप्रमाणे पंप मिळतो. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 एचपी, त्यावर 7.5 एचपी. शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी पाच टक्के. एचपी योजनेनं ठरवलं तरी हेड तुमच्या बोअरवर ठरतं. प्रश्न: "माझ्या बोअरला किती हेड लागतं आणि हा पंप किती हेडचा आहे?"

शेवटचे दोन शब्द कागदावरचे. एक वॉरंटी. "पंचवीस वर्षांची गॅरंटी" असं सगळेच सांगतात. पॅनलची पंचवीस वर्षांची वॉरंटी असते ती परफॉर्मन्स वॉरंटी. इतक्या वर्षांनीही पॅनल साधारण ऐंशी टक्के वीज देईल, असं ते वचन. इन्व्हर्टर, वायर, सांगाडा यांची मुदत वेगळी आणि कमी असते. प्रत्येक वस्तूची मुदत वेगवेगळी लिहून घ्या. दुसरा शब्द सबसिडी. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन आणि त्यापुढं 78 हजार रुपये मिळतात. पण ते काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर बँक खात्यात जमा होतात. आधी पैसे आपले जातात, म्हणून गटाचं कर्ज ठरवताना मधले महिने धरा.

आता हे लक्षात कसं ठेवायचं? प्रत्येक बैठकीत तीनच शब्द घ्या. वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात वस्तूचं चित्र, तिसऱ्यात प्रश्न. शक्य असेल तर ज्या घरी सोलर आहे तिथंच बैठक भरवा आणि वस्तूकडं बोट दाखवून शब्द म्हणा. स्टिकरवरची अक्षरं लेकी-सुनांकडून वाचून घ्या. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यांना अक्षरं येतात. सासूला मोटारीचा आवाज ऐकून बिघाड कळतो. सून वाचेल, सासू समजावेल.

यात रोजगारही आहे. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजमध्ये देशोदेशीच्या, शाळा न शिकलेल्या बायका सोलरचं काम शिकल्या. एकमेकींची भाषा येत नसताना वायरचे रंग आणि हातांच्या खुणा यांवरून शिकल्या. त्याच राज्यात डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनी आयआयटी मुंबईच्या मदतीनं 'दुर्गा' नावानं सोलर पॅनल बनवणारी स्वतःची कंपनी उभी केली. आपल्या मुलींसाठी केंद्र सरकारचं सूर्यमित्र प्रशिक्षण आहे. दहावीनंतर आयटीआय केलेल्या मुलींनी त्याची चौकशी जरूर करावी. उद्या आपल्याच गावात पॅनल तपासणारी, जोड घट्ट करणारी, नेट मीटर वाचून दाखवणारी मुलगी असेल, तर तालुक्यावरून मेकॅनिक येण्याची वाट बघावी लागणार नाही.

या आठवड्याचं काम सोपं आहे. घरातलं विजेचं बिल काढा आणि त्यावर 'एकूण वापर' किती युनिट लिहिलाय ते बघा. सोलरचं कोटेशन आलं असेल तर त्यातला न कळलेला एक शब्द वहीत उतरवा. पुढच्या बैठकीत तो शब्द मोठ्यानं वाचा. त्याचा अर्थ कळेपर्यंत त्या कागदावर सही करायची नाही, एवढं ठरवू या.