पंप कुठे ठेवता?

(महिला मेळाव्यातील भाषण)



मी रुग्णालयात समाजसेविका आहे. आमच्या छातीच्या विभागात येणाऱ्या कितीतरी बायकांनी कधी विडीला हात लावलेला नसतो. चुलीच्या धुराने त्यांची फुप्फुसे कायमची अधू झालेली असतात.

डॉक्टर रोजचा पंप लिहून देतात. दोन महिन्यांनी बाई पुन्हा धापा टाकत येते. केसपेपरवर शेरा पडतो, 'औषध नियमित घेत नाही.' मीही तसेच लिहीत होते. मग एका मावशींच्या घरी गेले. पंप तांदळाच्या डब्यामागे! म्हणाल्या, "ताई, पोरीला बघायला पाहुणे येतात. आईचा पंप दिसला तर?" शिवाय पैसे. दम लागला तरच ओढायचा, म्हणजे महिन्याचा पंप दोन महिने पुरतो.

'पंपाची सवय लागते' हेही सगळीकडे ऐकू येते. खरे काय? सालब्युटामॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत १०० मायक्रोग्रॅमच्या ४० फवाऱ्यांइतके औषध असते! फवारा थेट फुप्फुसात जातो, म्हणून थोडक्यात भागते. पण रोजचा पंप दम नसतानाही घ्यावा लागतो.

आता मी पंप शिकवताना नवऱ्याला, मुलाला, सासूलाही समोर बसवते. पंपाचा खर्च घरखर्चात धरायला लावते.

तुमच्या गटात अशी मावशी असेल तर 'औषध का घेत नाही?' म्हणून रागावू नका. आधी विचारा, 'पंप कुठे ठेवता?' तिथून बोलणे सुरू होते.