स्वमग्न बालके आणि पालकांचे शिक्षण

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात पालघर येथे दिलेले व्याख्यान)



या संमेलनात दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, ती आम्ही आनंदाने शिरोधार्य मानली. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच पार पडला. त्यांच्या गळ्यांतील हार पाहून आपणां सर्वांचीच मने भरून आली. परंतु ज्यांचे चार वर्षांचे मूल अद्याप ‘आई’ अशी हाक मारीत नाही, असेही काही आईबाप आपल्या ज्ञातीत आहेत. अशा मुलास घेऊन चारचौघांत जावे कसे, या विवंचनेने त्यांतील कित्येक आज घरीच राहिले असतील. आमचे आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्याकरिता आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकरिता आहे.

ज्या अवस्थेस इंग्रजीत ऑटिझम म्हणतात, तिला मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून वैद्यकशास्त्र या अवस्थेस वेगळी ओळखू लागले. हा संसर्गजन्य रोग नव्हे, वेड नव्हे, कोणाची दृष्ट लागल्याचा परिणाम तर नव्हेच नव्हे. मेंदूची जडणघडणच जन्मतः निराळी असते, आणि तीत अनुवंशाचा वाटा मोठा असतो. वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. दीड वर्षाचे झाले तरी चांदोबाकडे किंवा आगगाडीकडे बोट दाखवीत नाही. आलेले दोनचार शब्द हरवतात. मोटारीशी खेळण्याऐवजी तिचे चाक तेवढे फिरवीत बसते. कुकरच्या शिट्टीने कानांवर हात घेते. यांतील एखादे लक्षण दिसले म्हणून घाबरून जाऊ नये. पण अनेक लक्षणे एकत्र दिसत असतील तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे म्हणून स्वस्थही बसू नये. प्रथम कानांची तपासणी करावी आणि मग बालविकासाच्या जाणत्या डॉक्टरांकडे जावे. पहिल्या पाचसहा वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असतो. त्या काळातील दोन वर्षे अंगारेधुपारे, नवससायास आणि ‘हमखास बरे करतो’ म्हणणाऱ्यांच्या दारी गेली, तर ती परत येत नाहीत.

येथे एका अन्यायाचा उच्चार करणे प्राप्त आहे. मूल असे झाले की बोट आईकडे वळते. ‘ती नोकरीला जाते’, ‘तिला लळा लावता आला नाही’ अशी बोलणी तिला ऐकावी लागतात. हा दोष केवळ आपल्या समाजाचा नाही. आईच्या मायेच्या कोरडेपणाने मूल असे होते, असे एके काळी पाश्चात्त्य देशांतील मोठमोठे विद्वानही प्रतिपादीत असत. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, १९६४ साली ग्रंथ लिहून त्या मताचे खंडन केले, आणि आज ते मत पूर्णपणे त्याज्य ठरले आहे. लसीकरणाचीही तीच गोष्ट. १९९८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांविषयीचा एक लेख आल्याने लसीबद्दल संशय पसरला. तो लेख २०१० साली त्याच नियतकालिकाने मागे घेतला. तेव्हा या भीतीने कोणीही बाळाच्या लसी चुकवू नयेत. आणि सुनेला बोल लावणाऱ्या घरांना आमची हात जोडून विनंती आहे की, जी बाई दिवसरात्र त्या मुलामागे धावते आहे, तिला निदान दोषमुक्त तरी करा.

आता मुख्य विषय. स्वमग्नता समूळ नाहीशी करणारे औषध नाही. जे साधते ते शिक्षणाने साधते. हे शिक्षण केवळ तज्ज्ञाच्या खोलीत होत नाही. आठवड्यातील एकदोन तास तज्ज्ञांचे. बाकीचा सारा काळ मूल घरीच असते. म्हणून पालकांना शिकविणे हा मुलाच्या उपचाराचाच भाग होय.

पालकांनी शिकावयाचे तरी काय? प्रथम, मुलाच्या पातळीवर येऊन जमिनीवर बसावे. मूल चाक फिरवीत असेल तर आपणही एक चाक फिरवावे. त्याच्या खेळात शिरावे, म्हणजे ते हळूहळू आपल्याकडे पाहू लागते. बोलावे ते थोडके आणि स्पष्ट: ‘चाक फिरले’, ‘चाक थांबले’. बोलल्यावर थांबावे, मनात दहा अंक मोजावेत, आणि त्याला उत्तर देण्यास अवकाश द्यावा. मूल रडण्यापूर्वीच सर्व काही हातात देऊ नये. एका हातात चिकूची फोड आणि दुसऱ्या हातात केळे धरून ‘काय हवे?’ असे विचारावे. त्याने नुसती नजर वळविली किंवा बोट लावले तरी ती मागणी समजून ती वस्तू तत्काळ द्यावी. बोलण्याचा आरंभ तेथूनच होतो. सदरा घालणे, हात धुणे ही कामे लहान लहान पायऱ्यांत विभागून एकेक पायरी पक्की करावी. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा, म्हणजे पुढे काय होणार हे कळून मूल शांत राहते. आक्रोश करू लागले तर मारू नये. गोंगाट, भूक, दुखणे, की क्रमातील अचानक बदल, यांचे कारण शोधावे. आणखी एक. शाळेसाठी म्हणून घरची बोली सोडून मोडक्या इंग्रजीत बोलण्याची काही गरज नाही. दोन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्न मुलाचे नुकसान होते असे संशोधनात आढळलेले नाही. ज्या बोलीत आजी गोष्ट सांगते, त्या बोलीतच मायेचे बोलणे व्हावे.

ही नुसती पुस्तकी कल्पना नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांच्या कुटुंबांत याचा पद्धतशीर प्रयोग झाला. गोव्यातील काम ‘संगथ’ या संस्थेने केले. तेथे पालकांना शिकविणारे कार्यकर्ते वैद्यकीय तज्ज्ञ नव्हते. ते प्रशिक्षण घेतलेले सामान्य आरोग्य-कार्यकर्ते होते. पालक मुलाशी खेळत असता त्याचे चित्रीकरण करावयाचे आणि मग दोघांनी मिळून ते पाहून कोठे काय साधले याचा विचार करावयाचा, अशी ती रीत. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या कलाने अधिक वागू लागले आणि मुले आपण होऊन अधिक संवाद साधू लागली, असे दिसून आले. दिल्लीत तर मेरी बरुआ या एका स्वमग्न मुलाच्या मातेने १९९१ साली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था काढली, आणि आई व मूल यांना एकत्र शिकविण्याचे कार्य तेथे चालते.

आपल्या जिल्ह्यास तर ही वाट अपरिचित नसावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. स्वमग्न बालकासही तोच न्याय लावावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

अडचणींची जाणीव आम्हांस आहे. बोईसरहून मुंबईस उपचाराला जावयाचे म्हणजे एका दिशेने सुमारे १०० किलोमीटरचा गाडीप्रवास, गर्दीत घाबरलेले मूल, आणि बुडालेली पाळी. तारापूरच्या कारखान्यांत पाळ्यांवर काम करणारा बाप हे आठवड्यातून दोनदा कसे साधणार? बाहेरून येऊन बोईसरच्या चाळींत राहणाऱ्या कुटुंबांना तर आजीआजोबांचाही आधार नसतो. म्हणूनच जे घरी व गावात होऊ शकते, ते घरी व गावातच झाले पाहिजे.

सरकारी सोयींचीही माहिती असावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वये २०१३ पासून अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आरोग्य-तपासणी करण्याची तरतूद आहे. पथक येईल त्या दिवशी आईने शंका स्पष्टपणे बोलून दाखवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा नावानिशी समावेश आहे, आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना १ लाख रुपयांपर्यंत आहे. दाखला काढल्याने घराण्याचे नाव जाते, ही समजूत सोडावी. दाखल्याअभावी मुलाचा हक्क मात्र खात्रीने जातो.

आता मंडळापुढे आमच्या तीन सूचना. पहिली: ज्ञातिसंघाचे सभागृह महिन्यातील एका रविवारी अशा पालकांच्या बैठकीस विनामूल्य द्यावे, आणि ज्ञातीबाहेरच्या पालकांसही तेथे मज्जाव नसावा, दुःखास जात नसते. दुसरी: शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी काही रक्कम निराळी काढून तज्ज्ञांस येथे बोलाविण्याचा आणि गरजू कुटुंबांच्या प्रवासाचा खर्च भागवावा. गुणवंतांचा सत्कार थोडा साधेपणाने झाला तरी त्यांस त्याचे वाईट वाटणार नाही. तिसरी: आपल्यातील निवृत्त शिक्षक-शिक्षिकांपैकी निदान चौघांनी हे प्रशिक्षण घ्यावे. आमचे नाव त्या यादीत पहिले लिहावे.

शेवटी वधूवर मेळाव्याविषयी एक शब्द. घरात असे भावंड आहे म्हणून सुस्थळे नाकारली जातात, आणि त्या भीतीनेच मुले लपविली जातात. ज्या मुलीने लहानपणापासून अशा भावास घास भरविला, सांभाळले, तिच्याइतकी समंजस सून दुसरी कोठे मिळावी? स्थळ पाहताना याचा विचार आपण सर्वांनी करावा. आणि पुढील संमेलनास येताना त्या मुलांना घरी ठेवू नये. ध्वनिक्षेपकाचा आवाज थोडा कमी ठेवण्याची व्यवस्था मंडळ करील, अशी आम्ही आशा करतो.