पडद्यावरच्या शेतात पीक कुठाय?

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आज आम्ही संगणकावर बोलणार म्हटल्यावर मागची दोन-चार मंडळी तंबाखू मळायला बाहेर निघाली. जाऊ द्या, परत येतील. विषय संगणकाचा दिसतो, पण तो डावणीचा आहे आणि बँकेच्या हप्त्याचाही आहे.

आम्ही म्हणजे तालुक्याच्या एका कॉलेजातले तीन मास्तर आणि त्यांची पोरे. बहुतेक सगळे शेतकऱ्यांच्याच घरचे. आमच्यातल्या एकाच्या थोरल्या भावाने कर्ज काढून द्राक्षबागेत बिनतारी सेन्सर बसवून घेतले. बागेत जागोजागी पेट्या. प्रत्येक पेटीत पानांवरचा ओलावा मोजणारा सेन्सर, एक चिमुकला संगणक, एक रेडिओ आणि बॅटरी. एका पेटीने निरोप सांगायचा, शेजारच्या पेटीने तो ऐकून पुढे द्यायचा, असे करत करत निरोप घरच्या पेटीत आणि तिथून मोबाईलवर. पाने किती तास ओली राहिली हे कळले तर डावणी कधी येणार याचा अंदाज येतो, चार फवारण्या वाचतात. कल्पना चांगली आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही.

कंपनीचा माणूस ऑक्टोबर छाटणीनंतर लगेच आला. ओलांडे उघडे, बाग आरपार दिसत होती. सगळ्या पेट्या एकमेकींशी बोलल्या, त्याने सही घेतली, तो गेला. पुढे फुटी वाढल्या, मांडव भरला आणि निरोप गळायला लागले. ढगाळ हवा आली, डावणीची वेळ आली, तेव्हा निम्म्या पेट्या मुक्या. तक्रार केली तर उत्तर आले, तुमच्या भागात रेंजच नाही. भावाला यावर काय बोलावे ते सुचेना. खरे सांगायचे तर आम्हालाही सुचेना, आणि आम्ही हाच विषय वर्गात शिकवत होतो!

तेव्हा ठरवले की पोरांना हे नीट शिकवायचे. पण शंभर पेट्या विकत घ्यायला कॉलेजकडे पैसे नाहीत. म्हणून संगणकावर लुटुपुटूचे शेत करायचे. त्याला सिम्युलेशन म्हणतात. पेट्या माऊसने उचलून ठेवायच्या, बटण दाबायचे, निरोप कसा जातो ते बघायचे. अशी साधने जगात आहेत. अमेरिकेत बर्कलेला २००३ साली टॉसिम झाले, स्वीडनमध्ये २००६ साली कूजा झाले. मोठी चांगली साधने आहेत, पण ती ज्यांना पेटीच्या आतला प्रोग्राम लिहायचा आहे त्यांची. आमच्या पोरांना आधी शेत दिसायला हवे होते. म्हणून आम्ही नेटलोगो घेतले. यूरी विलेन्स्की यांनी १९९९ साली ते शिकवण्यासाठीच काढले. फुकट मिळते आणि कॉलेजच्या जुन्या संगणकावरही चालते.

पहिले शेत आम्ही पंधरा दिवसांत केले. प्रत्येक पेटीभोवती एक गोल वर्तुळ. वर्तुळात दुसरी पेटी आली की निरोप पोचला, बाहेर राहिली की नाही. प्रात्यक्षिक झाले, टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी, घरची दोन एकर बाग, उठून म्हणाली, "सर, यात पीक कुठाय?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. कंपनीच्या माणसाने उघड्या बागेत जे केले, तेच आम्ही पडद्यावर केले होते. पुस्तकात वर्तुळ होते, आम्ही ते काढले. पानात पाणी असते आणि भरल्या पानांतून रेडिओची लहर जाताना अशक्त होते. मग वर्तुळ गोल कसले राहते? ओळीच्या दिशेने लांब, आडवे आखूड, मध्येच खड्डे.

मग दोन पेट्या घेतल्या, एक पोराच्या हातात, एक बांबूवर, आणि बागेत हिंडलो. किती निरोप पोचले, किती गळाले, वहीत टिपत गेलो. आधी छाटलेल्या बागेत, मग भरलेल्या. पेटी मांडवाच्या खाली आणि मांडवाच्या वर. ती वही पाहून पडद्यावरचे शेत पुन्हा बांधले. आता त्यात पिकाची उंची वाढवायची एक पट्टी आहे. ती सरकवली की पेट्यांमधल्या रेषा एकेक करून तुटताना दिसतात. वर्ग अगदी गप्प होतो तेव्हा.

आमचीच फजिती झाली असे समजू नका. हॉलंडमध्ये २००५ साली डेल्फ्टच्या शास्त्रज्ञांनी बटाट्याच्या शेतात शंभराच्या आसपास पेट्या लावल्या, करप्याचा अंदाज घ्यायला. जेवढी माहिती मिळायला हवी होती त्यातली २ टक्के हाती आली. पेट्या एकमेकींना नवा प्रोग्राम वाटत बसल्या आणि त्यातच बॅटऱ्या बसल्या, इथपर्यंत मजल गेली. पण ती माणसे प्रामाणिक. २००६ साली त्यांनी सगळ्या चुका छापल्या, मथळा दिला, मर्फीला बटाटे आवडतात. मर्फी म्हणजे ज्याच्या नावाचा नियम सांगतो की जे बिघडू शकते ते बिघडतेच. हा नियम शेतकऱ्याला वेगळा शिकवावा लागत नाही.

त्यांच्याच मोजणीत आणखी एक गोष्ट निघाली. पावसात आणि रात्रीच्या दमट हवेत निरोप जास्त चांगला जात होता! आम्ही तर पडद्यावर पावसाचे बटण करून ठेवले होते, पाऊस आला की निरोप तुटणार. कुणी मोजले होते? कुणीच नाही. डोक्यात आले ते लिहून टाकले. संगणक शेतात जात नाही, त्याला जे सांगाल तेच तो तुम्हाला परत सांगतो, फक्त रंगीत करून. पावसाचे बटण सध्या बंद ठेवले आहे. आपल्या बागेत मोजल्यावर उघडू.

बॅटरीचा हिशेब मात्र कागदावरही पटतो. या पेट्यांत पुष्कळ वापरली गेलेली सीसी२४२० नावाची रेडिओ चिप आहे. बोलताना तिला १७.४ मिलिअँपिअर लागतात आणि नुसते ऐकत बसायला १८.८. बोलण्यापेक्षा ऐकणे महाग! कान सतत उघडा ठेवला तर दोन हजार मिलिअँपिअर-तासांचे सेल चार-साडेचार दिवसांत संपतात. शंभर सेकंदांत एकच सेकंद जागे राहिले तर वर्षभर पुरतात. म्हणून पेट्यांनी झोपायचे, आणि ठरल्या वेळी सगळ्यांनी एकदम उठायचे. एकीचे घड्याळ चुकले की तिचा निरोप ऐकायला कुणी जागे नाही.

कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नाही हे आपल्याला माहीत आहे. इथे उलटे आहे. घराजवळच्या पेटीवर सगळ्या शेताच्या निरोपांचा भार, म्हणून मुखाशी बसलेली पेटी आधी मरते आणि मागच्या साऱ्या जित्या असून मुक्या होतात. पोरांना हे सांगावे लागले नाही, पडद्यावर बघूनच ती ओरडली.

परवा त्याच भावाच्या घरी दुसऱ्या कंपनीचा माणूस आला. आमची ती विद्यार्थिनी मुद्दाम गेली होती. तिने तीन गोष्टी विचारल्या. चाचणी भरल्या मांडवात दाखवाल का? घराजवळची पेटी किती दिवस चालेल? निरोप किती टक्के पोचतात ते लिहून द्याल का? त्याने साहेबांना विचारून सांगतो म्हटले. अजून फोन नाही. भावाने कागदावर सहीही केलेली नाही.

आता आम्हाला ऊस आणि केळी मोजायची आहे. ज्यांचा उभा ऊस आहे त्यांनी बैठक संपल्यावर नाव द्यावे. दोन पोरे येतील, एकाच्या हातात बांबू असेल. खर्च काही नाही, फक्त कुत्रे बांधून ठेवा.